मास्तरांचा ओके

मास्तरांना ऐकू येत नाही हे मला पहिल्यांदा त्यांच्या हसण्यावरून कळलं. चारचौघांत कोणी विनोद केला की ते सगळ्यांच्या मागून, किंचित उशिरा हसायचे. आधी डोळे फिरायचे, कोण हसतंय आणि किती हसतंय ते बघायचे, आणि मग त्या मापाचं हसू तोंडावर यायचं. एकदा एकजण आपली बायको दवाखान्यात आहे असं सांगत होता आणि नेमका त्याच्या मागे बसलेला कोणीतरी फोनवर काहीतरी बघून हसला. मास्तरही हसले. चांगले खळखळून हसले. तो माणूस चहाचा कप तसाच ठेवून उठून गेला. खरं तर मला माझ्या नवऱ्याची दया यायला हवी होती. मला शिसारी आली.

मास्तर म्हणजे आमचे यजमान. लग्नाआधी मी त्यांच्या हाताखाली डबिंग शिकले, तेव्हा मास्तर म्हणायची लागलेली सवय संसार झाला तरी सुटली नाही. परभाषेतल्या मालिका आणि सिनेमे आपल्या भाषेत बोलते करायचे हा आमचा धंदा. पडद्यावरचा माणूस त्याच्या भाषेत तोंड हलवतो आणि काचेपलीकडच्या खोलीत आमच्यापैकी कोणीतरी माइकसमोर उभं राहून त्याच्या तोंडात आपले शब्द घालतं. त्याचे ओठ मिटले की आपल्या वाक्यातही तिथे प, ब, म असं ओठ मिटवणारं अक्षर यायला हवं, नाहीतर बघणाऱ्याला दाताखाली खडा आल्यासारखं होतं. मास्तर काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्टशेजारच्या खुर्चीत बसतात. टेक जमला की ‘ओके’ म्हणतात. त्यांनी ओके म्हटल्याशिवाय एक वाक्य पुढे सरकत नाही. निदान मी सांगतेय त्या दिवसापर्यंत सरकत नव्हतं.

लोकांना वाटतं स्टुडिओ म्हणजे काहीतरी झगमगीत प्रकरण असेल. त्यांनी एकदा आमच्या बूथमध्ये दार लावून तासभर उभं राहून दाखवावं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना स्पंज लावलेला आहे आणि त्या स्पंजाने आजवर तिथे उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचा घाम आणि सिगारेटी पिऊन ठेवल्या आहेत. हेडफोनच्या गाद्यांचे काळे पापुद्रे निघून कानाला चिकटतात. माइकसमोर एक गोल जाळी असते, प आणि फ म्हणताना तोंडातला वारा माइकवर आदळू नये म्हणून. त्या जाळीवर सगळ्यांची थुंकी वाळलेली. मी रोज रुमालाने पुसायची, आणि आमचा हिरो रोज ती पुन्हा भरायचा. हिरो म्हणजे पडद्यावरचा नव्हे. पडद्यावरच्या सगळ्या देखण्या बाप्यांना आवाज देणारा आमच्यातला एक. टेकआधी तो गुळण्या करायचा आणि कागदी कपात थुंकून तो कप तिथेच ठेवून जायचा. गळा मात्र सोन्याचा. असले लोक असतात.

मास्तरांना कानाच्या तपासणीला नेलं ते आमच्या लेकीने. “बाबा, तुम्ही टीव्ही बघत नाही, शेजाऱ्यांना ऐकवता,” असं म्हणून तिने त्यांना अक्षरशः गाडीत कोंबलं. तपासणारी मुलगी लेकीच्याच वयाची होती. तिने आधी एका बारीक आकड्याने मास्तरांच्या कानातून जे काही बाहेर काढून कापसावर ठेवलं, ते बघून लेकीने तोंड फिरवलं. मी बघत राहिले. मला वाटलं, सुटलो, एवढंच होतं तर. मग तिने त्यांना समोर बसवलं, स्वतःच्या तोंडासमोर एक पुठ्ठा धरला आणि एकेक शब्द म्हणायला लागली. तो शब्द मास्तरांनी परत म्हणायचा.

“तो पुठ्ठा बाजूला घ्या,” मास्तर खेकसले. “तोंड लपवून बोलणाऱ्यांशी मी बोलत नाही.”

तिने शांतपणे पुठ्ठा बाजूला घेतला. मास्तरांनी जवळजवळ सगळे शब्द बरोबर सांगितले आणि आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. तिने पुठ्ठा पुन्हा तोंडासमोर धरला. आता त्यांना निम्मेसुद्धा जमले नाहीत.

“काका, आवाज पोचतोय, अक्षरं पोचत नाहीत,” ती म्हणाली. “आ, ई, ऊ हे भरदार असतात, ते येतात. कोणीतरी बोललं एवढं त्यांवरून कळतं. काय बोललं ते कळतं स, श, फ, त, थ, क असल्या बारीक अक्षरांवरून. त्यांत नुसता वारा असतो. तीच तुमची गळतात. आणि गळलेली जागा तुमचं डोकं स्वतःच भरून काढतं. समोरच्याच्या ओठांवरून, नाहीतर तो काय बोलणार ते आधीच माहीत असेल तर त्यावरून. हे सगळ्यांच्याच डोक्यात चालतं, तुमच्या डोक्याला फक्त काम जास्त पडतंय. त्यामुळे तुम्हाला खरंच वाटतं की आपण ऐकलं.”

“म्हणजे ऐकू येतं,” मास्तर म्हणाले आणि उठले.

यंत्र घेतलं. ते मोज्यांच्या खणात जाऊन पडलं. मी एकदा त्यांच्यासमोर उभी राहून, तोंड नीट दिसेल अशी, विचारलं की ते कानात का घालत नाही.

“कानात यंत्र घातलेल्या माणसाचा ओके कोण मानेल?”

“आणि न ऐकता दिलेला ओके?”

ते वर्तमानपत्र वाचायला लागले. ऐकलं नाही की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे. या दुखण्याची हीच तर सोय आहे, खोटं बोलण्यासाठी तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. घरात आम्ही ते चालवून घेत होतो. फोन वाजला की ते माझ्या हातात द्यायचे. लेक त्यांच्याशी बोलताना मासळीसारखं तोंड वासायची आणि त्यावर ते तिलाच रागवायचे. स्टुडिओत मात्र त्यांचं काम बिनबोभाट चाललं होतं, कारण तिथे पडद्यावर ओठ होते आणि संहिता तोंडपाठ होती. ते स्पीकरचा आवाज इतका चढवायचे की रेकॉर्डिस्ट कानांत कापूस घालून बसायचा. आवाज मोठा व्हायचा, अक्षरं तेवढीच राहायची.

मग एका मालिकेचा भाग चॅनेलकडून परत आला. त्यात एका नव्या पोरीचा प्रत्येक स शिट्टीसारखा वाजत होता आणि मास्तरांनी तो सगळाच्या सगळा ओके केला होता. परत पाठवणाऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडे हे ऐकतं तरी कोण?

हा प्रश्न जावयाने उचलून धरला. जावई म्हणजे स्टुडिओच्या मालकांचा. मालक आता थकलेत, वरच्या मजल्यावर असतात, पण मास्तरांच्या शब्दाबाहेर नाहीत. जावयाला मास्तरांच्या खुर्चीत आपला माणूस बसवायचा होता. त्यात काही पाप नाही, खुर्च्या बदलतात. येऊन तोंडावर सांगितलं असतं की मास्तर, तुमचे कान गेले, आता थांबा, तर मी त्याला घरी जेवायला बोलावलं असतं. पण समोरासमोर बोलेल तर तो जावई कसला. त्याला सासऱ्यांपुढे ठेवायला पुरावा हवा होता, आणि पुरावा गोळा करताना थोडी करमणूकही झाली तर हवीच होती.

त्या दिवशी माझं काम दुपारनंतर होतं, पण मी लवकर पोचले. कंट्रोल रूमचं दार जाड, गादी लावलेलं, उघडताना आवाज होत नाही. मी आत येऊन मागेच उभी राहिले. टेक चालू असताना कोणी हालचाल करायची नाही हा मास्तरांचाच नियम. पडद्यावर एक बाप आपल्या लहान मुलीच्या पलंगाशी बसला होता. तो बोटीवर निघालाय, परत येईल न येईल, आणि मुलगी झोपलीय असं समजून तो तिच्याशी बोलतोय. मास्तर पुढे झुकून पडद्याकडे बघत होते. रेकॉर्डिस्टने बटणांकडे मान खाली घातली होती. जावई मास्तरांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, भिंतीला टेकून, फोन धरून चित्रण करत होता. काचेपलीकडे हिरो, तोंडासमोर जाळी.

स्पीकर नेहमीसारखा कर्कश लावलेला. हिरोचा आवाज मात्र मायेने ओथंबलेला. त्या बापाचे डोळे, ते थरथरणारे ओठ आणि तो दाटलेला गळा, हे सगळं इतकं एकजीव होतं की पहिलं वाक्य मला बरोबरच ऐकू आलं. शपथेवर सांगते, मला ते ‘बाळा’ असंच ऐकू आलं. माझे कान शाबूत आहेत, तरीही. दुसऱ्या वाक्याला काहीतरी खटकलं. मी पडद्यावरून नजर काढून जमिनीकडे बघितलं, आणि तेव्हा शब्द दिसल्यासारखे लख्ख कानावर पडले, आधीचं वाक्यही डोक्यात पुन्हा वाजून उलगडलं.

ते मास्तरांच्या बायकोबद्दल होते. पहिलं वाक्य माझ्या अंगाबद्दल, दुसरं मी कोणाकोणाकडे जाते याबद्दल, तिसरं त्यांना ते का कळत नाही याबद्दल. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की कारागिरी अव्वल होती. जिथे पडद्यावरच्या बापाचे ओठ मिटत होते तिथे त्या घाणीतही ओठ मिटत होते. आमच्या मास्तरांनी शिकवलेली विद्या, एका अक्षराची चूक नाही. बसून, विचार करून, लिहून काढलेलं होतं ते. कोणीतरी घरी जेवल्यावर त्यावर वेळ घालवला होता.

पडद्यावरच्या बापाने मुलीच्या कपाळावर ओठ टेकले. मास्तरांनी हात वर केला.

“ओके! वा रे पठ्ठ्या. पोटात कालवलं शेवटच्या वाक्याला.” आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

रेकॉर्डिस्टचे खांदे गदगदायला लागले. हा रेकॉर्डिस्ट आठवड्यातून दोनदा माझ्या डब्यातलं खातो. जावयाने तोंडावर हात दाबला होता आणि त्याच्या नाकातून फुर्र असा आवाज येत होता. हिरोने काचेमागे कमरेत वाकून नमस्कार केला. मास्तरांना तो नमस्कार दिसला आणि त्यांनीही मान लववली.

मला कोणाची किळस आली असं विचाराल तर आधी मास्तरांची आली. खोटं कशाला बोलू? डोळे पुसत बसलेल्या त्या म्हाताऱ्याची, त्याच्या हट्टाची, त्याच्या मोज्यांच्या खणाची. मग त्या तिघांची आली. नुसता राग असता तर मी ओरडले असते. पण हे निराळंच होतं. अन्नात काहीतरी सापडावं आणि एक घास आधीच गिळलेला असावा, तसं.

जावयाचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्याचा हात तोंडावरून खाली आला. रेकॉर्डिस्टने मागे वळून बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दोघांच्या नजरा बघून मास्तर खुर्चीसकट वळले.

“अगं, आलीस? ऐकलंस ना? कसा घेतला यानं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रेकॉर्डिस्ट हळूच मान हलवत होता, नको म्हणून. मी ‘छान’ म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. म्हणजे माझ्यापुरता. जावयाच्या फोनमधला मिटला नसता. तो वर गेला असता, मास्तरांची खुर्ची गेली असती, आणि आपण का गेलो हे मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नसतं. गावभर सगळ्यांना कळलं असतं, त्यांना सोडून. आणि ते हसणाऱ्यांच्या मागून, त्या मापाचं, हसत राहिले असते.

मी स्टूल ओढलं आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. दिव्याचा उजेड तोंडावर येईल अशी वळले.

“मास्तर, माझ्या तोंडाकडे बघा. यानं तुमचं वाक्य म्हटलंच नाही.”

“म्हणजे?”

“यानं म्हटलं ते असं.”

आणि मी ते म्हटलं. माझ्याबद्दलचं, माझ्या तोंडाने. मी आयुष्यात चेटकिणींना आवाज दिलाय, कजाग सासवांना दिलाय, मरणाऱ्या बायकांना दिलाय. पण ते पडद्यावरच्या तोंडात गेलं की आपल्या तोंडात राहत नाही. हे राहिलं. प्रत्येक अक्षर जिभेवर ठेवून, ओठांनी नीट मिटवून, उघडून, पुढे सारावं लागत होतं. घाईघाईने उरकावं म्हटलं तर सोय नव्हती. घाई केली तर त्यांना वाचता आलं नसतं.

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “काय? पुन्हा सांग.”

त्यांना वाचता आलं नव्हतं असं नाही. बायकोच्या ओठांवर असले शब्द येतील हे त्यांच्या डोक्याला पटत नव्हतं, म्हणून ते तिथे दुसरंच काहीतरी भरून बघत होतं. मी पुन्हा म्हटलं.

“वहिनी, पुरे ना,” रेकॉर्डिस्ट रडवेला होऊन म्हणाला.

मी थांबले नाही. यावेळी एकेक अक्षर त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना मला दिसलं. तिसऱ्या वाक्यापर्यंत आले तोवर त्यांनी माझ्या ओठांवरची नजर काढून माझ्या डोळ्यांत बघितलं होतं. तरी मी ते पूर्ण केलं.

त्यांनी हात लांब करून पडदा बंद केला. मग माइकवर हिरोला म्हणाले, “बाहेर ये.”

हिरो तोंड पुसत आला. खुर्चीमागून जावई काहीतरी पुटपुटला, “अहो मास्तर, चेष्टा होती हो, एवढं काय मनावर...” मास्तरांना तो ऐकू आला नाही, पण माझी नजर कुठे गेली ते त्यांनी टिपलं. ते वळले.

“तोंड इकडे करून बोला,” ते म्हणाले. “मला ऐकू येत नाही.”

इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर राहतेय. हे वाक्य त्यांनी मला म्हटलं नव्हतं, लेकीला म्हटलं नव्हतं, त्या तपासणाऱ्या मुलीला म्हटलं नव्हतं. आता किती वाजले असं विचारावं तसं ते म्हणाले.

जावयाने स्वतःला सावरलं. “तेच तर, मास्तर. तेच आम्ही कधीपासून म्हणतोय. हे मला सासऱ्यांना दाखवावंच लागेल.” त्याने फोन वर धरला.

“दाखवा. चला, मीच येतो बरोबर,” मास्तर म्हणाले. “पण आवाजासकट दाखवा. त्यांना ऐकू येतं.”

जावयाने फोनकडे बघितलं. त्यात काय काय भरलंय हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं असावं. हिरोचं सगळं, आणि फोनला सगळ्यात जवळ, सगळ्यात स्पष्ट, त्याचं स्वतःचं नाकातलं हसणं. त्याने फोन खिशात घातला आणि तो हात खिशातच ठेवला.

मास्तर हिरोसमोर जाऊन उभे राहिले. “पडदा बंद आहे. जाळीही नाही. म्हण आता. माझ्याकडे बघून म्हण, मी वाचतो.”

हिरो पायांकडे बघत राहिला. त्याच्या खालच्या ओठावर थुंकीचा एक थेंब होता. तो त्याने आत ओढला.

“नाही जमत? मग हा टेक ओके नाही,” मास्तर म्हणाले. त्यांनी संहिता मिटून रेकॉर्डिस्टच्या पुढ्यात ठेवली. “उद्यापासून या खुर्चीत कान असलेलं कोणीतरी बसवा.”

आम्ही बाहेर आलो. पॅसेजच्या टोकाला हात धुवायची जागा आहे. बेसिनमध्ये कोणाचे तरी केस आणि पिवळट काहीतरी चिकटलेलं होतं. एरवी मी तिथे पाऊल टाकत नाही. त्या दिवशी मी नळ सोडून ओंजळीने तोंड धुतलं, चूळ भरली, पुन्हा भरली, बोटाने साबण घेऊन ओठांना आतून चोळला. चव जाईना. साबणाची वर आणि ती खाली.

मास्तर मागे उभे होते. मी वळून त्यांच्याकडे तोंड करेपर्यंत ते थांबले.

“एक अक्षर गळलं नाही,” ते म्हणाले. “इतकं स्वच्छ तू आजवर कधी म्हटलं नव्हतंस.”

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या टेकला नुसतं ओके म्हटलं होतं, त्यापुढे कधी एक शब्द नाही. हे पहिलं कौतुक. मी पुन्हा नळ सोडला.